दस्तीखाली सांगितलेलं दुखणं

जबडा कापून सरळ करून घ्यायचा विचार करणाऱ्या माणसाला जेवणाचं सगळे सांगतात. पातळ काय प्यायचं, नळीनं कसं ओढायचं, भाकरी कधीपासून कुस्करून खायची. बोलण्याचं कोणी सांगत नाही. मलाही कोणी नीट सांगितलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे लिहितानाही तो आहे. वाचणाऱ्याने तो धरूनच वाचावं.

मी जनावरांचा दलाल आहे. मुरुड, अहमदपूर, हाळी, लोहा, कधी लांब हिमायतनगरपर्यंत बाजार करतो आणि बैलजोड्यांचे सौदे जमवून देतो. देवणी आणि लालकंधारी या दोन जाती मी अंधारातसुद्धा हात लावून ओळखीन. वडिलांनी माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते दोन डोळे, उजवा हात आणि तोंड यांच्यावर केलं. त्यातलं तोंड गेलं, त्याची ही हकिकत.

पहिली पट्टी

भूकंप झाला तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. औशाकडचं आमचं गाव, दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. आई आणि धाकटा भाऊ आतल्या खोलीत होते. ते तिथंच राहिले. मला शेजाऱ्यांनी ओढून काढलं तेव्हा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता.

छावणीतल्या डॉक्टरांपुढे पाय चेंगरलेली, बरगड्या मोडलेली माणसं रांगेनं पडली होती. माझ्यासाठी एवढंच झालं की हनुवटीखालून डोक्यावर पट्टी घेऊन गाठ मारली. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून असंच बांधतात. मी तंबूच्या कडेला पडलेलो असायचो. प्रेतं उचलायला आलेली माणसं माझ्यावरही वाकली होती. बाजूच्या बाजेवरची म्हातारी ओरडली, "त्यो जित्ता हाय रे, त्याला कामून उचलताव." मला स्वतःला ते सांगता येत नव्हतं.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटेनात. बोलताना तोंड डावीकडे जायचं आणि स, श म्हणताना कडेनं शिट्टी वाजायची. बाजारात माझं नाव 'वाकडा व्यंकट' पडलं. सुरुवातीला मी त्यावरून मारामाऱ्या केल्या. मग लक्षात आलं की वाकड्या तोंडामुळे समोरच्याला वाटतं मी हसतोय. घेणारा गोंधळतो. निम्मे सौदे मी त्या हसण्यावर केले.

आमची सौद्याची रीत इथं सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावरच आलं. बाजारात आकडा तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि घेणारा हातात हात देतात, वर दस्ती टाकतात. दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. तिच्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती गर्दी असली तरी आकडा दोघांतच राहतो. उघड्यावर कोणी बोटं दाखवलीच, तर ती खरी नसतात. ज्याला गरज आहे असं दिसतं तो बुडतो. खरा आकडा दस्तीखाली, आणि तोही शेवटी.

मामा

माझी मुलगी अश्विनी डोक्यानं तेज निघाली. तिची दहावी झाली त्या वर्षी लातूरच्या गल्लीबोळांत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. नांदेड, परभणी, बीडची पोरं गाद्या-बादल्या घेऊन येऊन राहिली होती. आम्ही तर लातुरातच होतो. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मी एका क्लासला घातलं.

पहिल्या पालकसभेला मी गेलो. उठून एक गोष्ट विचारली. सर म्हणाले, "काय म्हणालात?" परत विचारलं. मागच्या बाकावर कोणी तरी शिट्टीसारखा आवाज काढला. मी मागे वळून दोन शब्द सुनावले, तेही शिट्टीसकट. हशा झाला.

दुसरी सभा झाली हे मला आठवड्यानं कळलं. नांदेडहून माझा मेहुणा दिगंबर येऊन गेला होता. तो शाळामास्तर आहे.

मी अश्विनीला विचारलं, "मामा कामून?"

"त्यला सरांशी बोलता येतंय, अण्णा."

"मला येत न्हाई?"

"तुमी बोलताव. त्यायला कळत न्हाई."

तिनं खोटं काहीच म्हटलं नाही. म्हणूनच ते लागलं. माझ्या घरात, माझ्या लेकीसाठी, माझ्या जागेवर दुसरा माणूस जाऊन बोलून आला होता. मी त्याच आठवड्यात दवाखाना गाठला.

दात बघणं

सर्जननं माझा ओठ अंगठ्यानं खाली ओढला आणि दात बघितले. मी बैलाचे बघतो तसेच. मी म्हणालो, "चार दाती का सहा दाती?" ते हसले नाहीत. बैलाचं वय असं दातांवरून सांगतात, हे त्यांना ठाऊकच नसावं.

त्यांनी समजावून सांगितलं. खालचा जबडा दोन्हीकडून कापायचा, सरकवून सरळ करायचा, आतून पट्ट्या आणि स्क्रू. मग वरखालचे दात काही आठवडे तारेनं एकमेकांना बांधून ठेवायचे. खाणं सुधारेल. चेहरा सरळ होईल.

"आन् बोलणं?"

"सुधारेल," ते म्हणाले.

बस. खोली कोणती, बिल कसं, यावर मी त्यांच्या माणसाशी चहा थंड होईपर्यंत घासाघीस केली. ज्या गोष्टीसाठी मी तिथं गेलो होतो तिच्यावर एका शब्दात उठलो. बैल घेताना मी त्याला चालवून बघतो, खाली बसवून उठवून बघतो. इथं एक शब्द घेतला आणि घरी आलो.

जीभ इतकी वर्षं वाकड्या घरात राहिलेली असते. घर सरळ केलं की तिला भिंती सापडत नाहीत. खालच्या ओठाची नस त्याच हाडातून जाते, ती दुखावली तर ओठ बधिर होतो. हे मला कोणी आधी सांगितलं नाही. नंतर सगळ्यांनी सांगितलं.

दोन बोटं

शुद्धीवर आलो तेव्हा दात तारांनी बांधलेले होते. तोंड इतकं सुजलेलं की खालची पापणी वर ढकलली गेली होती. पलंगाच्या उशाशी तार कापायची पक्कड लटकवलेली होती. उलटी झाली तर तारा कापायच्या, नाहीतर माणूस गुदमरतो. सिस्टरनं माझ्या बायकोला कुठली तार आधी कापायची ते दाखवलं. त्यानंतर ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग पकडीकडे बघायची. तिचा डोळा लागला नाही.

मी कसा नवरा आहे ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. आवाज चढवल्याशिवाय मला पाणी मागता येत नसे. आता मी स्टीलचा पेला लोखंडी पलंगावर आपटायचो. एकदा तो फेकलाही. तिनं उचलला, धुतला, परत ठेवला आणि म्हणाली, "तुमी गप झाल्यापासून मला माझाच आवाज ऐकू येऊन राहिला. लई दिसानं."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं की सहज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सिस्टर फेरीला यायची. "काका, एक ते दहामध्ये किती दुखतं? बोटं दाखवा."

मी दोन बोटं दाखवायचो.

जबड्याच्या डाव्या बाजूला खिळा ठोकल्यासारखं होत होतं. कानात ठणका बसायचा. पण खोलीत समोरच्या पलंगावरचा माणूस होता, त्याचे नातेवाईक होते, सफाईवाला होता. उघड्यावर बोटं दाखव म्हटल्यावर माझा हात आपोआप खालचा आकडा दाखवायचा. इतक्या वर्षांची सवय बोटांत होती, डोक्यात नव्हती. सिस्टर कागदावर दोन लिहायची. डॉक्टर यायचे, कागद बघायचे, "छान चाललंय," म्हणायचे. सूज आहेच, ती असतेच. औषध कमी केलं. दोन दुखणाऱ्या माणसाला जास्त कशाला द्यायचं.

दस्ती

अश्विनी क्लास सुटला की यायची. त्या संध्याकाळी ती दप्तर न उतरवता पलंगापाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. दुखऱ्या बैलाकडे मी जसा बघतो तसं. ती लहानपणी माझ्याबरोबर बाजाराला यायची, बोटांचा हिशोब तिला पाढ्यांच्या आधी आला होता.

"अण्णा, किती दुखतंय?"

मी दोन बोटं दाखवली.

तिनं माझीच दस्ती उशाकडून ओढली, माझ्या हातावर टाकली आणि तिच्याखाली आपला हात घातला.

"उघड्यावरचं मला सांगू नगा. हितं सांगा."

मी तिची चार बोटं धरली. सोडली. परत चार धरली.

तिचा चेहरा बदलला नाही. दस्तीखाली आकडा ऐकून चेहरा बदलू द्यायचा नसतो, हेही मीच शिकवलं होतं. तिनं दस्ती नीट घडी करून माझ्या छातीवर ठेवली आणि चालत दारापर्यंत गेली. दाराबाहेर पळाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

डॉक्टर आले. डावीकडे आत पू झाला होता. परत टेबलावर घेतलं, परत उघडलं, एक पट्टी काढून दुसरी बसवली आणि दात नव्यानं बांधले. सगळे आठवडे पहिल्यापासून सुरू झाले. त्या काळात अश्विनीनं क्लासच्या दोन परीक्षा दिल्या नाहीत. तिची आई पकडीची ड्यूटी एकटी करू शकत नव्हती, म्हणून दोघींनी पाळ्या लावल्या होत्या.

"इतकं दुखत होतं तर दोन का दाखवलंत?" डॉक्टरांनी विचारलं. माझे दात बांधलेले होते, ही त्यांच्या सोयीची गोष्ट होती. माझं म्हणणं असं की त्यांनी माझी बोटं मोजली, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचं म्हणणं असं की रोगी सांगेल तेच धरावं लागतं. यात कोणाच्या पदरात किती चूक, हा वाद आमचा अजून मिटलेला नाही.

पण तुम्ही दवाखान्यात जाणार असाल तर पहिलाच आकडा खरा सांगा. तिथं वर-खाली करायला समोर कोणी घेणारा नसतो.

नांदेड

तारा काढल्या त्या दिवशी मला बायकोला एवढंच म्हणायचं होतं, "पाणी दे." तोंडातून काय निघालं ते मलाच कळलं नाही. ओठावर ओठ ठेवला असं मला वाटायचं, आणि आरशात बघावं तर मधे फट. खालचा ओठ हाताला लागायचा, पण ओठाला हात लागायचा नाही. हनुवटीवरून लाळ गळायची आणि समोरचा माणूस नजर वळवायचा तेव्हा मला कळायचं. शिट्टी मात्र गेली होती. त्याबद्दल डॉक्टर खूश होते.

ओठ मिटल्याशिवाय बैल म्हणता येत नाही, म्हैस म्हणता येत नाही, बाजार म्हणता येत नाही. माझा सगळा धंदा त्या ओठावर उभा होता, हे मला तो गेल्यावर समजलं.

"वेळ लागतो. सगळ्यांचं सारखं नसतं," डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी हेच का म्हणाले नाहीत, हे मी कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं आणि नांदेडच्या एका मॅडमचा पत्ता दिला. त्या बोलायला शिकवत.

नांदेडला राहायचं म्हणजे दिगंबरकडे राहायचं. ज्यानं माझी जागा घेतली त्याच्याच घरात मी लेकरासारखा पा-पा, बा-बा करत बसलो. मॅडम तरुण होत्या, कामाच्या पक्क्या. आरसा समोर, बोट ओठावर. ओठाला कळत नाही तर डोळ्यानं मिटवा, म्हणायच्या. दिगंबरची पोरं दाराआडून माझी नक्कल करायची आणि त्यांची आई त्यांना धपाटे घालायची.

दिगंबर रोज शाळेला जायच्या आधी पाठ्यपुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायचा. मी वाचायचो, तो चुका सांगायचा. एका सकाळी त्यानं एकच शब्द इतक्यांदा म्हणायला लावला की मी पुस्तक अंगणात भिरकावलं.

तो गेला, पुस्तक झटकून घेऊन आला आणि तेच पान उघडलं. "फेका, दाजी. फेकून झालं की इथून वाचा."

तो मुळात चांगला माणूस आहे. त्यामुळे त्याच्यावर राग धरायला मला जास्त कष्ट पडतात.

मुरुडचा बाजार

परत आलो आणि आधी मुरुडचा बाजार गाठला. माझा हिशोब सोपा होता. आमचा धंदा बोटांचा. तोंड नसलं तर नसलं.

माझा जुना जोडीदार कासीमभाई यानं देवणीची एक जोडी लावून दिली. घेणारा अहमदपूरकडचा. मी हात पुढे केला, दस्ती टाकली, बोटं धरली. बोटं पहिल्यासारखीच चालली. त्यानं आकडा दिला, मी वर नेला, त्यानं खाली आणला. आणि मग तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला. एरवी इथं मी त्याची टर उडवायची, तो हसायचा, हसता हसता चढायचा. मी काही तरी म्हणालो. लाळ आली. त्यानं हात काढून घेतला.

"मुका हाय का ह्यो?" त्यानं कासीमभाईला विचारलं. माझ्यासमोर.

जुना मी असतो तर त्याच्या सात पिढ्या बाजारात उभ्या केल्या असत्या. शिव्यांतसुद्धा निम्मे शब्द ओठाचे असतात.

कासीमभाईनं मला चहाच्या टपरीवर नेलं. बशीत चहा ओतून दिला, कारण पेला मला जमत नाही हे त्यानं न विचारता ओळखलं. "व्यंकटराव," तो म्हणाला, "हात तो वोइच हाय तुमारा. पर दस्ती के उप्पर कोई नई."

आता आम्ही दोघं मिळून सौदे करतो. खाली माझा हात, वर त्याचं तोंड. कमाई निम्मी आणि माझी किंमत निम्म्याहून कमी. माणसं आता सौद्याला माझ्याकडे येत नाहीत, त्याच्याकडे येतात.

वरची तुकडी

त्याच सुमाराला मी बाजाराला गेलेलो असताना अश्विनीचा फोन आला. क्लासनं तिला वरच्या तुकडीतून काढून खालच्या तुकडीत टाकलं होतं. चुकवलेल्या दोन परीक्षा शून्य धरल्या होत्या. खालच्या तुकडीला कोण शिकवतं आणि तिथून किती पोरं डॉक्टर होतात, हे लातुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं.

"अण्णा, सरांनी पालकाला बोलावलंय. तुमी या."

"मामाला घेऊन जा," मी म्हणालो. मला तेवढं म्हणायला वेळ लागला.

"त्यवढे दिस मी कुठं होते ते मामानं कुठं बघितलंय?"

मी गेलो.

सरांची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. मी बसलो, दस्ती हातात धरून. जुना मी असतो तर इथं लांबून सुरुवात केली असती. आधी क्लासची तारीफ, मग दुसऱ्या क्लासचं नाव सहज काढायचं, मग उठून जायचं नाटक. माझ्याकडे तेवढे शब्द नव्हते. लांब बोललो की ओठ थकतो आणि शेवटचे शब्द विरघळतात.

मी म्हणालो, "ती माझ्यापाशी दवाखान्यात होती. पुढच्या परीक्षेपर्यंत वर बसू द्या. नाही जमलं तर मीच खाली बसवीन."

सरांनी अश्विनीकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. मला वाटलं आता ती सांगेल, आणि मग जन्मभर तीच सांगेल.

"त्यांनाच परत विचारा, सर," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. सर पुढे वाकले. "परीक्षा म्हणालात का?"

मी लाळ पुसली आणि तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, प्रत्येक ओठाच्या अक्षराला बोटानं ओठ मिटवून. नांदेडच्या आरशासमोर करायचो तसं. बाहेर पोरांची रांग उभी होती. त्यांनी बघितलं असेल. मागून कोणी आवाज काढला नाही, किंवा काढला असेल तर मी वळलो नाही.

सर खुर्चीत मागे टेकले. "ठीक आहे. पुढच्या परीक्षेपर्यंत. त्यानंतर मी कोणाचं ऐकणार नाही."

आम्ही जिना उतरलो. खाली पोरांच्या सायकली आडव्यातिडव्या लावल्या होत्या. तिनं आपली सायकल त्यातून बाहेर ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा, तुमी आज पैल्याच शब्दाला खरा आकडा सांगितला."

"मला आता तेवढंच बोलता येतं," मी म्हणालो.

ती थांबली. "काय?"

मी परत सांगितलं.